व्हेंटिलेटरची नळी नेमकी कुठे गेली, हे गळ्यावर सोनोग्राफी लावून कसं कळतं

"मॅडम, बाबांना पोटाचा काहीच त्रास नाही, मग सोनोग्राफी कशाची करून राहिले तुम्ही? आणि ती पण गळ्यावर?"

आयसीयूच्या दाराशी मला हे विचारणारा मुलगा भंडाऱ्याकडचा होता, तिशीतला. पडद्याच्या फटीतून त्यानं पाहिलं होतं की वडिलांच्या तोंडातून नळी टाकत असताना दुसरा एक डॉक्टर त्यांच्या गळ्यावर जेली लावून सोनोग्राफीचं यंत्र धरून उभा होता. त्याला वाटलं काहीतरी प्रयोग चाललाय. मी त्याला उभ्याउभ्या दोन मिनिटांत सांगितलं, पण एवढ्या भीतीत असलेल्या माणसाला दोन मिनिटांत काय समजणार. आणि अधूनमधून "नळी चुकीच्या जागी टाकल्याचा नातेवाइकांचा आरोप" अशी बातमी येतेच, खाली दोन्ही बाजूंनी भांडणं होतात आणि नळी म्हणजे काय, ती चुकते कशी, चुकली हे कळतं कसं, हे कोणी सांगतच नाही. म्हणून आज जरा निवांत लिहितेय. मी भूलतज्ज्ञ आहे, नागपुरातच काम करते, आणि नळी टाकणं हे माझं रोजचं काम आहे.

गळ्यात दोन रस्ते आहेत

विमानतळाकडून वर्धा रोडने शहरात येताना डबलडेकर पूल लागतो, तुम्हाला माहीत आहे. सुरुवातीला वर चढणारा रस्ता आणि खालून जाणारा रस्ता अगदी शेजारी शेजारी असतात, आणि छत्रपती चौकात काम असताना चुकून पुलावर चढलात की चौक पायाखालून निघून जातो, मधे उतरता येत नाही. गळ्यात तसंच आहे. जिभेच्या मागे, खोलवर, दोन दारं जवळजवळ चिकटून आहेत. पुढचं श्वासनलिकेचं, ते फुप्फुसात जातं. मागचं अन्ननलिकेचं, ते पोटात.

आत्ता वाचता वाचता बोट लावून बघा, कंठमण्याच्या खाली एक कडक, कडी-कडीची नळी हाताला लागेल. ती श्वासनलिका. तिला कूर्चेच्या कड्या असतात म्हणून ती कायम उघडी राहते. अन्ननलिका तिच्या मागे, बहुतेकांमध्ये थोडी डावीकडे असते, आणि ती मऊ असते, हवा गेलेल्या सायकलच्या ट्यूबसारखी चपटी पडलेली, घास आला की तेवढ्यापुरती उघडणारी. हा कडक-मऊ फरक लक्षात ठेवा, पुढे सगळं त्याच्यावरच उभं आहे.

पेशंटला स्वतःहून श्वास घेता येत नाही, किंवा ऑपरेशनसाठी पूर्ण भूल द्यायची आहे, तेव्हा तोंडातून प्लास्टिकची एक नळी श्वासनलिकेत सरकवावी लागते. आम्ही तिला ईटी ट्यूब म्हणतो, इथे नुसतं नळी म्हणू. मोठ्या माणसाला साधारण सात ते आठ मिलिमीटर आतल्या व्यासाची लागते, टोकाजवळ एक छोटा फुगा असतो, तो फुगवला की हवा बाजूनं गळत नाही.

ऑपरेशन थिएटरमध्ये उपाशीपोटी आलेल्या, शांत झोपलेल्या पेशंटला नळी टाकणं वेगळं आणि रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत, तोंडात रक्त किंवा उलटी, जबडा तुटलेला, मान आखूड, शेजारी कोणीतरी छाती दाबून सीपीआर देतंय, अशात टाकणं वेगळं. आत्ता व्हिडिओ लॅरिंगोस्कोप आलेत, म्हणजे कॅमेरा असलेली पात, त्यानं खूप सोपं झालंय, पण रक्तानं कॅमेरा भरला की तोही आंधळा. अशा वेळी नळी मागच्या दारात जाऊ शकते. चांगल्या, अनुभवी हातांकडूनही जाते. हे होतं, हे मान्य करूनच पुढे जावं लागतं. ती तिथे आहे हे वेळेत लक्षात न येणं, हे मात्र होऊ नये, कारण मग आपण देतोय तो सगळा ऑक्सिजन पोटात जातो, आणि ऑक्सिजन मिळाला नाही तर मेंदूला चार-पाच मिनिटांत कायमची इजा व्हायला लागते.

बोटाला ऑक्सिमीटर असतोच ना, त्यावर कळत नाही का?

कोरोनानंतर हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, आणि बरोबर विचारतो, कारण घरोघरी ऑक्सिमीटर पोचलाय.

उन्हाळ्यात आपल्याकडे नळाचं पाणी बंद झालं तर घरात लगेच कळतं का? नाही कळत. गच्चीवरची टाकी भरलेली असते, तोवर नळ मस्त चालू असतात. टाकी रिकामी झाली की मग धावपळ. शरीराचंही तसंच आहे. नळी टाकण्याआधी आम्ही पेशंटला मास्कनं भरपूर ऑक्सिजन देऊन फुप्फुसांची टाकी भरून घेतो. त्यामुळे नळी पोटात गेली तरी बोटावरचा आकडा काही मिनिटं अठ्ठ्याण्णव-नव्याण्णवच दिसू शकतो, आणि ज्याला माहीत नाही तो म्हणतो सगळं ठीक आहे. आकडा घसरायला लागतो तेव्हा हातातला वेळ बराचसा गेलेला असतो. आजारी माणूस, लठ्ठ माणूस, गरोदर बाई, लहान मूल, यांची टाकीच लहान किंवा पटकन संपणारी, त्यांचा आकडा कोसळतो तो फार वेगानं.

आणि स्टेथोस्कोप?

स्टेथोस्कोप आम्ही लावतोच. आधी पोटावर, मग छातीवर दोन्ही बाजूंना. पण त्यावर पूर्ण विसंबू नये हे मी पुस्तकातून शिकले नाही.

शिकत असतानाची गोष्ट आहे, पहिलं वर्ष. मी एका बाईंना नळी टाकली, अंबू बॅग, म्हणजे हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी, दाबली, दोन्ही बाजूंना छातीत आवाज ऐकला. ऐकला म्हणजे मला खरंच ऐकू आला. नळीच्या आत वाफ पण दिसली, आणि वाफ दिसली की आत आहे असं तेव्हा सगळे म्हणायचे. माझे सीनियर दोन पावलांवर होते, ते आले, त्यांनी बाईंच्या पोटाकडे पाहिलं, पोट हळूहळू वर येत होतं, आणि एक शब्द न बोलता नळी काढून त्यांनी मास्क लावला. बाई वाचल्या. पण तो आवाज मी आजही विसरले नाही, कारण तो खोटा नव्हता. पोटात जाणाऱ्या हवेचा आवाज छातीपर्यंत पोचतो, विशेषतः बारीक माणसात, आणि नळीतली वाफ पोटातूनही येते. कान खरं बोलले, मी अर्थ चुकीचा लावला. वर कॅज्युअल्टीतला आरडाओरडा, किंवा धावत्या अँब्युलन्सचा आवाज, यात तर ऐकायचं तरी काय.

धूर आला म्हणजे चूल पेटलेली आहे

सगळ्यात भरवशाची जी पद्धत जगभर मानली जाते ती आहे कॅप्नोग्राफी. नाव अवघड आहे, काम सोपं. श्वास सोडताना फुप्फुसातून कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो, पोटातून तसा सतत येत नाही. नळीला एक सेन्सर जोडायचा, प्रत्येक श्वासाला पडद्यावर टेकडीसारखा आलेख उमटतो. टेकड्या येत राहिल्या तर नळी श्वासनलिकेत. सपाट रेष आली तर ती अन्ननलिकेत आहे असं धरूनच चालायचं, जोवर उलट सिद्ध होत नाही तोवर. इंग्लंडमध्ये तर यावर मोहीमच चालवली गेली, आलेख नाही म्हणजे जागा चुकली, अशा घोषवाक्यानं. अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०१० सालीच सलग आलेखाची शिफारस केली आहे.

मग सोनोग्राफी कशाला?

इथे थोडं थांबून समजून घ्या. कार्बन डायऑक्साइड हा शरीराचा कचरा आहे. घराघरातून तो गोळा करून आणणारी कचरागाडी म्हणजे रक्त. आणि फुप्फुस म्हणजे भांडेवाडी, आपल्या नागपूरचा कचरा डेपो, जिथे तो रिकामा होतो. आता हृदयच बंद पडलं, म्हणजे सगळ्या गाड्या जागच्या जागी उभ्या, आणि सीपीआर म्हणजे चार माणसं त्या गाड्या ढकलून ढकलून कशाबशा नेताहेत. भांडेवाडीला कचरा पोचेल, पण थोडाच. आलेखाच्या टेकड्या बुटक्या होतात, आणि हृदय बराच वेळ बंद असेल तर फारच बुटक्या. अशा वेळी डॉक्टरच्या मनात शंका येते की नळी चुकली की कचराच येत नाहीये. आणि शंकेत गेलेला प्रत्येक सेकंद त्या माणसाचा असतो. चांगला सीपीआर चालू असेल तर काहीतरी आलेख येतोच, त्यामुळे पूर्ण सपाट रेषेला "हृदय बंद आहे म्हणून असेल" असं म्हणून सोडून देणं धोक्याचं आहे, हे पण तितकंच खरं. पण नक्की करायला दुसरा एक डोळा असेल तर?

दुसरी गोष्ट. कॅप्नोग्राफीसाठी आधी श्वास द्यावे लागतात. २०२२ मध्ये तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटानं सूचना काढल्या, त्यात किमान सात श्वास आलेख टिकून राहिला पाहिजे असं आहे. नळी पोटात असेल तर तोवर पोटात हवा भरते, उलटी वर येऊन फुप्फुसात जायची भीती वाढते. सोनोग्राफीत एकही श्वास न देता कळू शकतं.

आणि तिसरी, जी आपल्याकडे सगळ्यात मोठी आहे, ती म्हणजे सगळीकडे कॅप्नोग्राफ नसतोच. ऑपरेशन थिएटरमध्ये असतो, पण कॅज्युअल्टीत, छोट्या हॉस्पिटलात, अँब्युलन्समध्ये प्रत्येक ठिकाणी असेलच असं नाही. जिथे तो नाही तिथे अनुभवी हातातली सोनोग्राफी हा वाजवी पर्याय आहे असं अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०१५ मध्ये म्हटलंय.

पडद्यावर दिसतं तरी काय?

विहिरीत वाकून हाक मारली की तळाशी आदळून आवाज परत येतो. सोनोग्राफी तेच करते, फक्त तिचा आवाज इतक्या उंच पट्टीतला असतो की आपल्या कानाला ऐकू येत नाही. यंत्राचा जो भाग अंगावर टेकवतात त्याला प्रोब म्हणतात, तो आवाज पाठवतो, परत आलेला ऐकतो आणि त्यावरून चित्र काढतो. मांसातून, पाण्यातून आवाज छान जातो. हवेतून मात्र जात नाही, हवेच्या सीमेवरच आपटून परत येतो. म्हणून जिथे हवा आहे तिथे पडद्यावर एक लख्ख पांढरी रेघ आणि तिच्यामागे धुरकट सावली दिसते.

आता प्रोब गळ्याच्या तळाशी, दोन गळपट्टीच्या हाडांच्या मधे जो खळगा असतो त्याच्या जरा वर, आडवा धरा. मधोमध श्वासनलिका, उघडी, हवेनं भरलेली, म्हणून एक पांढरी कमान. अन्ननलिका चपटी, हवा नाही, म्हणून डाव्या बाजूला एखादी बारीकशी अस्पष्ट चकती, कधी तीही नाही. म्हणजे नेहमीच्या माणसात कमान एकच.

नळी श्वासनलिकेत गेली तरी कमान एकच राहते. नळी सरकताना तिच्याखाली जरा थरथरल्यासारखं होतं, बस.

पण नळी अन्ननलिकेत गेली, तर ती चपटी सायकलची ट्यूब आतून ताणून उघडली जाते, नळीतली हवा तिथे येते, आणि आधी जिथे काही नव्हतं तिथे डावीकडे दुसरी कमान उभी राहते, मागे सावली घेऊन. एकदा बघितली की माणूस विसरत नाही. भंडाऱ्याच्या त्या काकांच्या वेळी मी तोंडाकडे होते, प्रोब माझ्या ज्युनिअरच्या हातात होता, आणि पहिल्या प्रयत्नात मी नळी सरकवत असतानाच तो म्हणाला, "मॅडम, दुसरी आली." तेवढंच. मी नळी मागे घेतली, मास्कनं ऑक्सिजन दिला, उशी थोडी वर केली, परत टाकली. "एकच आहे, मॅडम." मग आलेख लावला, टेकड्या आल्या. पोट फुगलं नाही, ऑक्सिजनचा आकडा हलला नाही. मुलानं फटीतून पाहिलं ते हेच होतं.

पण या धावपळीत सोनोग्राफीला वेळ कुठे आहे?

माझ्या सोबतचे डॉक्टरसुद्धा आधी हेच म्हणायचे. तैवानमधल्या डॉक्टरांनी तातडीनं नळी टाकाव्या लागलेल्या ११२ पेशंटमध्ये हे करून बघितलं, २०११ मध्ये तो अभ्यास छापून आला. त्यातल्या १७ जणांची नळी आधी अन्ननलिकेत गेलेली होती, हा आकडाच सांगतो की इमर्जन्सीत हे किती होतं. सोनोग्राफीला लागलेला वेळ साधारण ९ सेकंद, आणि निदान बरोबर आलं ते ९८ टक्क्यांहून थोडं जास्त वेळा. त्यानंतर बऱ्याच देशांत असे अभ्यास झाले, ते सगळे एकत्र करून पाहिले तरी आकडा त्याच्याच आसपास राहतो. शिवाय सीपीआर थांबवावा लागत नाही, छाती दाबणारा दाबत राहतो, प्रोब गळ्यावर असतो.

मशीन मात्र आधी चालू करून, जेली लावून, पलंगाशेजारी तयार हवी. नळी टाकून झाल्यावर "अरे मशीन कुठंय" म्हणून शोधायला गेलात तर ९ सेकंदांची ९ मिनिटं होतात.

रेडिएशनची भीती असेल तर ती सोडून द्या, हा एक्स-रे नाही, नुसता आवाज आहे.

एक्स-रे काढला की कळतंच की

एक्स-रेचं काम वेगळं आहे. समोरून काढलेल्या फोटोत श्वासनलिका आणि अन्ननलिका एकमेकींवर पडतात, त्यामुळे नळी कुठल्या वाटेनं गेली हे त्यावरून खात्रीनं सांगता येत नाही. आणि फोटो येईपर्यंत काही मिनिटं जातात. एक्स-रे सांगतो तो नळी किती खोल गेली हे, आणि ते छान सांगतो.

खोलीचा हा मुद्दा पण महत्त्वाचा. श्वासनलिका खाली जाऊन दोन फांद्यांत फुटते, उजवी फांदी जास्त रुंद आणि सरळ खाली जाणारी, डावी वळून जाणारी. नळी जरा जास्त आत गेली की ती उजवीकडेच घुसते, आणि डाव्या फुप्फुसाला हवाच मिळत नाही. कॅप्नोग्राफवर टेकड्या तर येत राहतात, कारण नळी आहे ती श्वासाच्याच वाटेत. इथे प्रोब उचलून छातीवर ठेवायचा. दोन बरगड्यांच्या मधे फुप्फुसाचं आवरण एका चकचकीत रेघेसारखं दिसतं आणि प्रत्येक श्वासाला ती रेघ मागे-पुढे सरकते, मुंग्यांची ओळ चालल्यासारखी. दोन्हीकडे सरकतेय तर उत्तम. उजवीकडे सरकतेय आणि डावीकडे श्वासाला न सरकता नुसती हृदयाच्या ठोक्याला थरथरतेय, तर नळी एक-दोन सेंटीमीटर बाहेर ओढून परत बघायचं.

आपल्याकडे याचा उपयोग फार आहे. नागपूरला पेशंट येतात ते गडचिरोलीहून, चंद्रपूरहून, बालाघाट-छिंदवाड्याहून, नळी तिकडेच टाकलेली असते आणि रस्त्यात तीन-चार तास हादरे बसलेले. मान खाली झुकली की नळी आत सरकते, मान मागे गेली की वर येते. लहान मुलात तर विचारूच नका, नवजात बाळाची अख्खी श्वासनलिका चारेक सेंटीमीटरची, तिथे एक सेंटीमीटर म्हणजे पाव रस्ता. म्हणून बाहेरून आलेल्या प्रत्येक नळीची जागा दारातच पुन्हा तपासायची, आधी आलेख, मग दोन्ही फुप्फुसं.

ही पद्धत कुठे फसते?

फसते, आणि ते लपवून मला हा लेख लिहायचा नाही. काही माणसांत अन्ननलिका डावीकडे न राहता नेमकी श्वासनलिकेच्या मागे असते, मग दुसरी कमान पहिलीच्या सावलीत लपते. अपघातात बरगडी तुटून हवा कातडीखाली पसरली असेल तर पडदाभर धुरळा. मानेला पट्टा बांधलाय, गळा भाजलाय, गलगंड आहे, मान फार जाड आहे, तर प्रोब टेकवणंच कठीण. नाकातून पोटात गेलेली रायल्स ट्यूब आधीच असेल तर ती पण गोंधळ घालते. छातीतली ती सरकणारी रेघ न दिसण्याची कारणंही बरीच, फुप्फुसाबाहेर हवा साठली असली तरी ती थांबते. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, बघणाऱ्याला बघता आलं पाहिजे. साध्या, ठरलेल्या ऑपरेशनच्या पेशंटवर पंचवीस-तीस वेळा गळा न्याहाळलेला नसेल तर इमर्जन्सीत पहिल्यांदा प्रोब हातात घेऊन उपयोग नाही.

म्हणून जिथे कॅप्नोग्राफ आहे तिथे शेवटचा शब्द त्याचाच. आलेख सपाट आणि सोनोग्राफी म्हणते बरोबर आहे, असं झालं तर मी पुन्हा तोंडात बघते, आणि तरी खात्री होत नसेल तर नळी काढते. मास्कनं श्वास देता येतो, हे त्या घाईत लोक विसरतात.

सोनोग्राफी मशीन आणि कायदा

नातेवाइकांना हे माहीत नसतं, पण आम्हाला रोज भेडसावतं. सोनोग्राफी मशीन म्हटलं की आपल्याकडे गर्भलिंग तपासणीचा कायदा येतो, महाराष्ट्राचा १९८८ चा, देशात पहिला, आणि मग केंद्राचा १९९४ चा. मुलींच्या जिवासाठी तो हवाच, त्यात मला तसूभर शंका नाही. पण त्यामुळे गळा बघायची मशीन असली तरी तिची नोंदणी लागते, कुठे ठेवणार, कोण वापरणार, सगळं लिहून द्यावं लागतं, नोंदणीच्या जागेबाहेर सहजासहजी नेता येत नाही. मोबाइलला जोडता येणारे छोटे प्रोब आलेत, नुसत्या उथळ भागाचंच चित्र काढणारे प्रोबही असतात. कॅज्युअल्टी आणि अँब्युलन्ससाठी यातून काही सोपी वाट निघावी असं मला मनापासून वाटतं, कायद्याचा धाक कमी न करता.

नातेवाइकांनी काय विचारायचं?

नळी टाकताना मधे येऊन विचारू नका, तेव्हा आमचं लक्ष फक्त तिथे असू द्या. नंतर, पेशंट स्थिर झाल्यावर, जरूर विचारा. नळीची जागा कशानं नक्की केली? आलेख लावलाय का, आणि तो चालू ठेवलाय का? दुसऱ्या हॉस्पिटलात नेताना सोबत तो मॉनिटर आहे का? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडणार नाही.

आणि पेशंटजवळ जाल तेव्हा ओठांपाशी बघा, नळीवर सेंटीमीटरचे आकडे छापलेले असतात. बाईमाणसाला साधारण २१ आणि पुरुषाला २३ च्या आसपास आकडा दातांजवळ येतो, माणसाच्या उंचीप्रमाणे थोडा मागे-पुढे. तो आकडा फाइलमध्ये लिहिलेला असतो. भंडाऱ्याच्या त्या मुलाला मी तो दाखवला होता. बाबांची नळी चौथ्या दिवशी निघाली, तोवर रोज भेटीच्या वेळेला तो आधी ओठांजवळ वाकून आकडा वाचायचा आणि सिस्टरला सांगायचा, "बावीसच आहे."